पिल्लू आणावं की जाणतं कुत्रं?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार आणि त्याच्या जोडीला कुत्र्यांचंही प्रदर्शन. खंडोबाच्या दारी कुत्र्याला मान असणं साहजिकच आहे. देवाच्या टाकावर घोड्याशेजारी कुत्रा असतो आणि वाघ्या तर स्वतःला देवाचा कुत्राच म्हणवतो, पुढ्यातल्या कोटंब्यातलं तोंडाने खातो.

यात्रेचा हा काळ आणखी एका हिशेबात बसतो. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, सुमारे 63 दिवस गाभण राहतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात व्यातात. त्यामुळे हिवाळा लागला की नांदेडच्या तरोड्यात काय किंवा लातूरच्या औसा रोडवर काय, गटारीच्या पाइपात, बंद दुकानाच्या पायरीखाली पाच-सहा पिल्लं दिसू लागतात. शाळेतून येणारी पोरं त्यातलं एक दप्तराआड घरी आणतात आणि जेवणाच्या पानावर वाद सुरू होतो. ठेवायचं की नाही हा पहिला वाद. कुत्रं पाळायचंच ठरलं, तर पिल्लूच का, हा प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही.

खरं तर मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा. देवणी किंवा लाल कंधारी बैल घेताना तो आधी जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, यावर सौदा ठरतो. चालवून बघतो, जमलं तर औताला जुंपून बघतो. तोच माणूस कुत्रं आणताना महिन्याभराचा जीव उचलतो. त्याचं अंग केवढं होईल, स्वभाव कसा निघेल, लेकरांना सोसेल की नाही, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. फार तर पाय उलटे करून नखं मोजतो. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात. मागेही पाचवं निघालं की ते ‘वीसनखी’, म्हणजे भाग्याचं! त्या दोन जादा नखांचा राखणीशी काडीचा संबंध नाही.

जातिवंत पिल्लाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान जातीच्या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. लांब तोंडाचा, खोल छातीचा, कमरेत बारीक असा हा शिकारी कुत्रा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या वर जातो. कर्नाटकातल्या मुधोळचं नाव लावून जी कुत्री प्रसिद्ध झाली, त्यांचाच हा सगासोयरा. पण महिन्याभराचं कारवान आणि महिन्याभराचं गावठी पिल्लू शेजारी ठेवली, तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. लांब तोंड आणि उंच पाय दिसायला पुढचे काही महिने लागतात. तोवर ते दोन खोल्यांच्या घरात रुळलेलं असतं आणि मग कळतं, की याला पळायला शेत पाहिजे.

पिल्लाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. 1965 साली त्यांचं पुस्तक आलं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आपलं मानतं, हे त्यांनी दाखवलं. राखणीचं कुत्रं मेंढरांतच लहानाचं मोठं करायचं, ते याच कारणासाठी. ज्याचं घर शेतावर आहे, आखाड्यावर दिवसभर कुणी ना कुणी असतं, त्याने खुशाल पिल्लू आणावं.

शहरातल्या घरात हेच आठवडे अडचणीचे होतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, कारण त्याला तोवर आईची आणि भावंडांची गरज असते. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत पुढच्या मात्रा आणि तीन महिन्यांना रेबीजची लस. ह्या मात्रा पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण जग दाखवायचं वयही नेमकं हेच. यावर जुना सोपा उपाय आहे: लेकरासारखं कडेवर घेऊन फिरवायचं. माणसं, रिक्षा, बँडबाजा सगळं दाखवायचं, पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. हे करायला दिवसा घरी माणूस पाहिजे. नवरा-बायको दोघंही नोकरीवर आणि पोरं शिकवणीला, अशा घरात पिल्लू दिवसभर कोंडलेलं राहतं.

आणि पाणी! दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी दोन तासांपलीकडे धरवत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा फरशी पुसायची. 2016 साली लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्यांनी तो उन्हाळा काढला, ते अजूनही फरशी धुताना बादली मोजतात. मोठं कुत्रं सकाळ-संध्याकाळ बाहेर नेलं की मोकळं होतं.

हिवाळ्यात आणलेलं पिल्लू मे महिन्यात सहा महिन्यांचं होतं. दुधाचे 28 दात जाऊन पक्के 42 येतात, त्या काळात ते चप्पल, वायर, सोफ्याचा पाय असं सापडेल ते चावतं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर पंजा टेकवत नाही. घरात लग्नसराई, गावी जायची गडबड. लातुरात खोली करून राहिलेली, अभ्यासाच्या मधल्या वेळेत पिल्लाला बिस्किटं घालणारी पोरंही ‘नीट’ देऊन याच महिन्यात गावी निघतात. पिल्लू मागे राहतं.

मोठ्या कुत्र्याविरुद्ध लोकांकडे ठरलेला दाखला असतो: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हण शेपटाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. तीन वर्षांचं कुत्रंही बसायला, थांबायला, पट्ट्याने चालायला शिकतं, आणि पिल्लापेक्षा त्याचं ध्यान जास्त वेळ टिकतं.

रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्याची तर परीक्षा आधीच झालेली असते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी 95 वेतांतल्या एकूण 364 पिल्लांवर नजर ठेवली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम 19 टक्के पिल्लं सात महिन्यांची झाली. निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे माणसाचा हात होता: गाडीखाली आली, मारली गेली, उचलून नेली गेली. म्हणजे गल्लीत दोन वर्षं काढलेलं कुत्रं आजारपण, रहदारी आणि माणसं यांतून तावून निघालेलं असतं. लसी मात्र त्यालाही सगळ्या लागतात. गोचीड ताप असतो, म्हणून रक्त तपासून घ्यावं. वयाचा अंदाज पशुवैद्यक दातांची झीज आणि कीट बघून देतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे त्या भागातल्या लोकांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर नसबंदी झालेली आहे, एक खर्च वाचला.

मोठं कुत्रं निवडायचं तर एका भेटीत ठरवू नये. चार वेगवेगळ्या वेळी जावं. खाताना जवळ गेल्यावर गुरगुरतं का, लेकरू पळालं तर मागे लागतं का, काठी उचलली तर दबतं की दात दाखवतं, हे बघावं. बदली झाली म्हणून कुणी आपलं कुत्रं देत असेल, तर त्याला खरं कारण खोदून विचारावं. घरात रांगतं मूल असेल आणि कुत्र्याचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नसेल, तर थांबलेलं बरं. शिवाय परत सोडण्याचा रस्ता आता बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

पहिले दोन-तीन दिवस ते बहुधा पलंगाखालून बाहेरच येत नाही. भाकर-दूध ठेवलं तर घरचे झोपल्यावर खातं. दोन-तीन आठवड्यांत घराच्या वेळा त्याला कळतात. मग एका दुपारी फाटक वाजतं. ते उठतं, आधी घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं आणि मग भुंकतं.