रणांगणाबाहेरचे शौर्य

३ फेब्रुवारी १९५२. लखनौहून दिल्लीकडे निघालेल्या हवाई दलाच्या छोट्या डेव्हन विमानाच्या एका इंजिनाने वाटेतच पेट घेतला. आत लष्करातले बडे अधिकारी होते: लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, मेजर जनरल थिमय्या आणि आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास. जळते विमान त्यांनी संडीलाजवळच्या शेतात उतरवले आणि सगळ्यांचे प्राण वाचवले. पुढे १९५५ मध्ये श्रीनागेश आणि १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले.

इथे ना शत्रू होता, ना लढाई. पण मृत्यू हाताच्या अंतरावर होता. अशाच धाडसासाठी जेमतेम महिनाभर आधी, ४ जानेवारी १९५२ रोजी, एक सन्मान सुरू झाला होता. बिस्वास हे त्याचे हवाई दलातले पहिले मानकरी. हा सन्मान म्हणजे अशोकचक्र.

प्रत्यक्ष शत्रूसमोर गाजवलेल्या सर्वोच्च पराक्रमासाठी परमवीर चक्र असते. शत्रूशी युद्ध नसताना दाखवलेल्या तशाच असामान्य शौर्यासाठी अशोकचक्र. सुरुवातीला त्याचे तीन वर्ग होते. १९६७ मध्ये त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी नावे मिळाली. गोल, सोनेरी मुलाम्याच्या पदकावर मधोमध अशोकचक्र आणि भोवती कमळांची माळ असते. हिरव्या फितीच्या मधून केशरी रेघ जाते.

शत्रूशी युद्ध आहे की नाही, ही सीमारेषा नेहमीच ठळक नसते. हवालदार बचित्तर सिंग १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत नळदुर्गजवळ धारातीर्थी पडले. गोळ्या खऱ्याच होत्या, पण सरकारदरबारी ती ‘पोलीस कारवाई’. म्हणून पुढे हा सन्मान सुरू झाल्यावर त्यांना मरणोत्तर मिळाले ते अशोकचक्र.

या सन्मानाचा खरा मोठेपणा असा, की तो गणवेश पाहत नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेले. हवाई कर्मचारी नीरजा भनोत हिने वैमानिकांना वेळीच सावध केले आणि शेवटी प्रवाशांना बाहेर काढताना प्राण दिले. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

आणि तुकाराम ओंबळे! साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात आणि मग मुंबई पोलिसांत असलेले साहाय्यक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा गिरगाव चौपाटीजवळच्या नाक्यावर त्यांच्या हाती फक्त लाठी होती. हल्लेखोरांपैकी एक असलेल्या कसाबने बंदूक रोखताच त्यांनी तिची नळीच धरली आणि गोळ्या अंगावर झेलत ती सोडली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. हल्ल्याचा कट सीमेपलीकडे कुठे आणि कसा शिजला, याचा जाबजबाब त्याच्याच तोंडून नोंदवला गेला. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.