ज्वारीच्या कणसातील अदृश्य पहारेकरी



गौलीगुड्यातील आपल्या कितीतरी घरांत नित्य ज्वारीची भाकरी होते. माझे घर कोकणी बोलणारे, म्हणजे भाताचे. भाकरीची गोडी मला येथे येऊन लागली. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमचे आजोबा घरचेच बियाणे पेरीत असत. मग काका दरसाल विकतचे का आणतात?" प्रश्न साधा, परंतु उत्तरासाठी थेट वनस्पतीच्या पेशीत उतरावे लागते. मी कलाशाखेचा पदवीधर. तरी जेवढे उमगले तेवढे सांगतो.

ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर नांदतात, म्हणून तिचे बहुतेक दाणे स्वतःच्याच परागापासून धरतात. दोन भिन्न वाणांचा संकर केल्यास संतती जोमदार निपजते. पण शेतभर कणसांतील इवल्या फुलांचे पुंकेसर चिमट्याने कोण खुडीत बसणार? १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनी ज्याचे पराग आपोआपच निष्फळ होतात असे ज्वारीचे झाड वर्णिले. त्याला दुसऱ्या वाणाचा पराग मिळाला की दाणा भरतो. याच युक्तीने १९६४ साली 'सीएसएच-१' ही भारतातील पहिली संकरित ज्वारी शेतकऱ्यांच्या हाती आली.

येथे एक अडचण उभी राहते. हा दोष पेशीतील तंतुकणिकांत असतो आणि तंतुकणिका आईकडूनच येतात. मग संकरित बियाण्याच्या शेतातही पराग वांझ राहून दाणा धरणार नाही! ही अडचण बाप-वाण दूर करतो. कशी, ते पाहू.

जनुक म्हणजे जणू मुख्याध्यापकांचे आज्ञापुस्तक. पुस्तक कपाटातच राहते. शिपाई सूचनेची नक्कल घेऊन वर्गोवर्गी फिरतो. पेशीतील ही नक्कल म्हणजे आरएनए. तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. परंतु काही प्रथिने या नकलेलाच जाऊन चिकटतात. कोणती नक्कल जपावी, कोणती कापून जोडावी, कोणती वाचू द्यावी, कोणती नष्ट करावी, हे ती ठरवितात. मूळ पुस्तकातील एकही अक्षर न बदलता सारा कारभार पालटतो.

वनस्पतींत अशा प्रथिनांचे एक मोठे कुल आहे. त्यास 'पीपीआर' म्हणतात. सुमारे ३५ अमिनो आम्लांचा एकेक खंड माळेतील मण्यांप्रमाणे पुनःपुन्हा येतो, आणि साधारणतः एकेक खंड आरएनएचे एकेक अक्षर ओळखतो. ज्वारीतील पराग सुफल करणारे एक जनुक याच कुलाचे असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. हे कार्य कसे चालते, ते भातात अधिक स्पष्ट दिसले. एका प्रकारच्या नरवंध्य भाताच्या तंतुकणिकांत परागास घातक अशा प्रथिनाची नक्कल निघते. केंद्रकातील जनुकांपासून झालेली दोन पीपीआर प्रथिने तेथे पोचतात. एकामुळे त्या नकलेचे तुकडे होतात, दुसऱ्यामुळे ती नाहीशी होते. परिणामी पराग वाचतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. संकरित ज्वारीला आईकडून दोष व बापाकडून पहारेकरी मिळतो, म्हणून कणीस भरते. पण त्याच कणसाचे दाणे पुन्हा पेरले, तर काही रोपांत दोष उतरतो, पहारेकरी उतरत नाही. त्यांचे पराग वांझ राहतात. इतर चांगले गुणही विखुरतात. म्हणून संकरित बियाणे दरसाल नवे घ्यावे लागते. याउलट रब्बीची मालदांडी हे सरळ वाण आहे. ते काळजीने राखल्यास घरचे बियाणे चालते. आजोबांचे चुकले नव्हते आणि काकांचेही चुकत नाही. दोघांचे बियाणेच निराळे.

आपल्यापैकी पुष्कळांची शेती मराठवाड्यात आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा पिशवीवरील मजकूर घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि बियाणे सरळ की संकरित, हे आधी पाहा. भाबडेपणाने संकरित दाणा राखून ठेवणाऱ्याचे सबंध वर्ष वाया जाऊ शकते. पुस्तकातील विद्या घरच्या कणगीपर्यंत पोचली, तरच ती खरी विद्या होय.