घराजवळचा ससाणा कसा ओळखावा?

हिवाळा आला की आमच्या स्टेट कॉलेजमध्ये, पेन्सिल्व्हेनियात, पुष्कळ घरी पाखरांसाठी दाणे टांगतात. दाण्यांवर पाखरे येतात आणि पाखरांमागे ससाणा येतो. हिब्रूत त्याला 'नेत्स' म्हणतात. तोरातील अभक्ष्य पक्ष्यांच्या यादीत हे नाव आहे. आपण कोकणी माणसे मात्र सगळ्यांनाच 'घार' म्हणून मोकळे होतो. येथे घराजवळ मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला रेड-टेल्ड हॉक. घारीएवढाच, पण अंगाने भरलेला. पंख रुंद, शेपटी आखूड. प्रौढ पक्ष्याची शेपटी विटकरी असते. तो खांबावर बसतो किंवा उंच घिरट्या घालतो. उंदीर, खारी, ससे हे त्याचे मुख्य खाणे.

दुसरा कूपर्स हॉक आणि तिसरा शार्प-शिन्ड हॉक. हे आपल्या शिक्र्याचे भाऊबंद. पंख आखूड, शेपटी लांब व पट्ट्यांची. दाण्यांवरची पाखरे उचलतात ते हेच दोघे. कूपर्स कावळ्याहून थोडा लहान, डोके मोठे, शेपटीचे टोक गोलसर. शार्प-शिन्ड त्याहून लहान, पाय काडीसारखे, शेपटी सरळ कापल्यासारखी. मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणून नुसत्या आकारावर जाऊ नये.

डोळ्यांआधी कानांनी ओळख पटते. अलिबागच्या वाडीत कोतवाल घारीच्या पाठी लागतो, तसे येथे कावळे रेड-टेल्डला घेरून कोलाहल करतात. याउलट अंगण एकाएकी चिडीचूप झाले आणि पाखरे फांदीला चिकटून निश्चल बसली, तर कूपर्स किंवा शार्प-शिन्ड जवळ आहे असे समजावे. चिकाडी हे चिमुकले पाखरू बसलेला शत्रू पाहून 'चिक-अ-डी-डी' ओरडते. धोका मोठा, तितके 'डी' जास्त. ब्लू जे मात्र ससाण्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा आवाज ऐकला तरी पक्षी पाहूनच खात्री करावी.

ससाण्याला दगड मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. 1972 पासून संघराज्याचा कायदा त्याला संरक्षण देतो. याच राज्यात 1929 साली गोशॉक मारणाऱ्यास 5 डॉलर बक्षीस होते! 1934 साली रोझली एज यांनी हॉक माउंटन भाडेपट्ट्याने घेऊन तेथील शिकार थांबवली.

पाखरांची काळजी वाटत असेल तर दाणे आठ-पंधरा दिवस काढून ठेवावेत. ससाणा दुसरीकडे जातो. दाण्यांचे भांडे खिडकीपासून एक मीटरच्या आत टांगावे, म्हणजे घाबरून उडालेली पाखरे काचेवर जोरात आपटत नाहीत. शेजारी झुडूप असल्यास लपायला जागा मिळते.

मार्चमध्ये सवड असेल तर टसी डोंगरावर जरूर जावे. उत्तरेकडे परतणारे सोनेरी गरुड तेथून दिसतात. मुलांनाही न्यावे.