नव्या कळफलकाचा जडपणा : स्प्रिंग, घर्षण आणि बोट

नवे यंत्र आरंभी जड चालते व काही काळाने रुळते, हे यंत्रमागांच्या सोलापुरात कोणास मुद्दाम सांगावयास नको. मागाचा लाकडी धोटा वापराने गुळगुळीत होतो आणि मग त्याची ये-जा सुलभ होते. संगणकाच्या यांत्रिक कळफलकाबाबतही असाच अनुभव येतो. ज्या कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व धातूची संपर्कपट्टी असलेला खटका बसविलेला असतो, त्यास यांत्रिक कळफलक म्हणतात. असा कळफलक नवा असताना बोटांना जड लागतो. परंतु हा जडपणा कालांतराने जातोच, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अंशतःच खरा आहे.

या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षा एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टंकयंत्रावरून संगणकावर आली. मराठीसाठी मिनिटास ३० व ४० शब्द अशा तिच्या दोन पायऱ्या आहेत. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत 'सोलापूर' हा एक शब्द उमटविण्यास सात वेळा कळ दाबावी लागते. शब्दास सरासरी सहा ठोके धरले, तरी ४० शब्दांच्या गतीस मिनिटाला २४० ठोके होतात. नोकरीच्या आशेने परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे जड कळफलकावर लवकर थकली, तर दोष अभ्यासाचा की यंत्राचा, हे ठरवावे लागते. तसेच जो जडपणा कधीच जाणार नाही, तो जाईल म्हणून महिनोन्महिने वाट पाहणे आणि जो सहज गेला असता, त्यापायी चांगला कळफलक टाकून देणे, या दोन्ही चुका सारख्याच खर्चिक होत.

कळ दाबताना बोटास दोन गोष्टींचा प्रतिकार होतो. पहिली गोष्ट स्प्रिंग. हूकच्या नियमानुसार तिचा प्रतिकार दाबाच्या खोलीबरोबर वाढत जातो. चेरी या मूळच्या अमेरिकन कंपनीचे 'एमएक्स' खटके याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांतील सरळ चालीच्या तांबड्या व काळ्या प्रकारांत कळीचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर असून सुमारे २ मिलिमीटर खोलीवर अक्षराचा संकेत जातो. त्या बिंदूशी तांबड्या खटक्यास सुमारे ४५ सेंटिन्यूटन, तर काळ्यास सुमारे ६० सेंटिन्यूटन बल लागते. हा फरक सर्वस्वी स्प्रिंगचा आहे. खटक्यातील पोलादी स्प्रिंगवरील ताण तिच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेच्या आत राखलेला असतो. त्यामुळे नित्य वापराने ती लक्षणीय सैल पडत नाही. काळा खटका वर्षभर वापरला म्हणून त्याचा तांबडा होत नाही.

दुसरी गोष्ट घर्षण. खटक्यातील सरकता दांडा प्लॅस्टिकच्या घरात वरखाली होतो आणि संपर्कपट्टी त्यास एका बाजूने रेटीत असते. शिवाय बोट कळीच्या नेमक्या मध्यावर क्वचितच पडते. त्यामुळे दांडा किंचित तिरपा होऊन घराच्या भिंतीस घासतो. दोन पृष्ठभाग कितीही सपाट दिसले, तरी त्यांचा खरा स्पर्श सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांशीच होतो, हे बाउडेन व टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या संशोधनाने प्रस्थापित केले. नव्या खटक्यात असे उंचवटे आणि साच्याच्या जोडावरील बारीक कडा अद्याप शाबूत असतात. प्रारंभीच्या वापरात त्या झिजतात, दबतात आणि घासणाऱ्या जागा एकमेकींस अनुरूप होतात. यंत्रशास्त्रात यासच यंत्र रुळणे म्हणतात. ही झीज आरंभी जलद व पुढे मंद होते. म्हणून सुधारणाही आरंभीच अधिक जाणवते.

घर्षणाचे एक लक्षण स्प्रिंगहून वेगळे आहे. स्प्रिंग नेहमी कळीस वर ढकलते. घर्षण मात्र गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. सबब दाबताना बोटास स्प्रिंग अधिक घर्षण इतका, तर परतताना स्प्रिंग उणे घर्षण इतका दाब जाणवतो. या दोन मूल्यांची सरासरी म्हणजे स्प्रिंगचे बल आणि त्यांच्या फरकाचे निम्मे म्हणजे घर्षण. हे मापन कोणत्याही प्रयोगशाळेत अल्प साधनांनी करता येते. २०११ च्या मालिकेतील, २३ मिलिमीटर व्यासाचे पाच रुपयांचे पितळी रंगाचे नाणे ६ ग्रॅम वजनाचे असते. ए-४ आकाराचा ८० ग्रॅमी कागद ५ ग्रॅम भरतो. त्याचे पाच समान तुकडे केले की प्रत्येकी १ ग्रॅमची वजने मिळतात. कळीच्या मध्यावर क्रमाने वजन वाढवीत न्यावे आणि अक्षर उमटताच ते नोंदवावे. मग कळ दाबलेल्या स्थितीतून सुरुवात करून वजन उतरवीत जावे आणि अक्षराची पुनरावृत्ती थांबताच उरलेले वजन नोंदवावे. एक ग्रॅम वजन म्हणजे जवळजवळ एक सेंटिन्यूटन.

उदाहरणादाखल, ही मूल्ये ५० व ४० ग्रॅम आली, तर स्प्रिंग ४५ ची व घर्षण ५ चे ठरते. काही आठवड्यांनी तीच ४८ व ४२ झाली, तर स्प्रिंग तितकीच राहून घर्षण ३ वर आले, म्हणजे कळफलक रुळला. उलट प्रथमच ६५ व ५५ आली, तर मूळ स्प्रिंगच ६० ची आहे. तेथे प्रतीक्षा व्यर्थ असून हलक्या स्प्रिंगचा खटका निवडणे हाच उपाय होय. ज्या खटक्यांत मध्येच टप्पा जाणवतो, त्यांच्या बाबतीत मात्र त्या टप्प्याचा प्रतिकारही फरकात मिसळतो. म्हणून ही रीत सरळ चालीच्या खटक्यांसच लागू करावी.

घर्षण पुन्हा वाढूही शकते. यंत्रमागांच्या परिसरात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू व धूळ खटक्यांत शिरल्यास रुळलेला कळफलकही जड होतो. म्हणून अशी नोंद अधूनमधून घेणे इष्ट.

शेवटचा घटक खुद्द बोट. जुन्या टंकयंत्रावर कळीच्या ठोक्यानिशी अक्षराचा दांडा उचलून कागदावर आपटावा लागे. त्यावर तयार झालेल्या हातास आजची कोणतीही कळ हलकीच वाटेल. रबरी पडद्याच्या कळफलकावर शिकलेल्यास तीच परकी वाटते, कारण तेथील प्रतिकार आरंभी वाढून एकदम कोसळतो. काही दिवसांच्या सरावाने स्नायू नव्या चालीशी जुळवून घेतात आणि कळफलकात काडीचाही बदल न होता तो हलका झाल्यासारखा भासतो. बोटाची साक्ष या कामी पुरेशी नाही, ती याच कारणाने. पहिल्या दिवशी घेतलेली वजनांची नोंद जपून ठेवल्यास यंत्र रुळले की हात रुळला, याचा निर्णय पुढे निश्चितपणे करता येतो.