चांदीच्या गावाला जात कोणती?

उसाच्या फडांमधून वळणे घेत एस.टी. हुपरीत शिरते आणि गल्ल्यांतून एक बारीक, सततची किणकिण कानावर येऊ लागते. कुठे हातोडीचा हलका ठोका पडत असतो, कुठे यंत्राची घरघर चालू असते, तर कुठे सुपात ओतलेल्या घुंगरांची सळसळ ऐकू येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी देशभर ओळखले जाते. माहेरवाशिणीच्या पायांतले पैंजण कुठल्या गावचे, हे आपण सहसा विचारत नाही. विचारले, तर उत्तर पुष्कळदा हुपरी असेच येईल.

हे पैंजण एका हातून तयार होत नाही. चांदी आटवणारा एक, तार ओढणारा दुसरा, कड्या जोडणारा तिसरा, झाळकाम करणारा चौथा. घुंगरू लावायला, मीना भरायला आणि उजळा द्यायला पुन्हा वेगळी माणसे. यातली कितीतरी कामे घरोघरी, चूल आणि मूल सांभाळून, बायकाच करतात. मग प्रश्न असा, की हे हात कोणाचे? सोनारकाम ही सोनारांची मिरास, असे आपण धरून चालतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हुपरीत या धंद्याचे मूळ रुजले आणि पुढे तो जातीच्या कुंपणात राहिलाच नाही. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, बौद्ध अशा सगळ्यांच्या उंबऱ्यांतून तो आत गेला. ज्याची शेती अपुरी पडली, त्याने चिमटा हाती घेतला.

आता जरा दूर जाऊ. अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावाची माहिती काढून पाहा. नदी, डोंगर आणि हवामान सांगून झाले की लगेच गोरे किती टक्के, काळे किती, आशियाई किती, याचा हिशेब येतो. तिथली जनगणना १७९० साली सुरू झाली, ती गोरे आणि गुलाम यांची वेगवेगळी मोजदाद करूनच. एका माणसाला एकाहून अधिक वंश नोंदवता येतील, ही मुभा मिळायला २००० साल उजाडावे लागले. दोनशे वर्षे प्रत्येक माणसाला एकाच रकान्यात बसवले जात होते.

हुपरीविषयी असा परिच्छेद लिहायचा झाला तर काय लिहिणार?

वंशाचा प्रयोग आपल्याकडेही होऊन गेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांचा नाकाच्या मापावर मोठा भरवसा. नाक जितके सरळ आणि अरुंद, तितकी जात वरची, असे त्यांचे गणित होते. त्याला उत्तर देणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये कवट्यांची मापे घेत होत्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळी आणि म्हणून तो श्रेष्ठ, हे त्यांच्या मार्गदर्शकांचे मत त्या मापांतून सिद्ध होईना. तसे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. पुढे महाराष्ट्रात हिंडून त्यांनी दाखवून दिले, की एकाच नावाच्या जातीतले गटसुद्धा एका मुळाचे असतीलच असे नाही. कुंभार म्हणून एका नावाखाली येणारे लोक प्रत्यक्षात अनेक वेगवेगळे समूह आहेत. नाव एक, धंदा एक, पण सोयरिकीची वर्तुळे निरनिराळी.

अलीकडच्या जनुकशास्त्राने या चित्रात एक रेघ वाढवली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडले, की साधारण चार हजार दोनशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. नंतर मात्र दारे बंद होत गेली आणि आपसांतच लग्ने करण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे ‘आम्ही शुद्ध’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात मिसळण आहे आणि जातीची भिंत ही त्या मिसळणीच्या नंतरची.

वंश बाजूला ठेवून भाषा धरावी, तर इथेही घोटाळा! कर्नाटकाची हद्द इथून जवळच. या पट्ट्यातल्या अनेक जैन आणि लिंगायत घरांत आजी-आजोबांच्या तोंडी कानडी, नातवंडांच्या तोंडी मराठी. बाबगोंडा, कल्लाप्पा ही नावे कानडी वळणाची, पण ती धारण करणारी माणसे अस्सल कोल्हापुरी मराठीत भांडतात. आणि थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणताना हा शब्द कानडीतून आला, हे मराठ्यांच्या घरातही कुणाच्या मनात येत नाही. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली आणि नकाशावर रेघ ओढली गेली. शिवारातून मात्र ती ओढता आली नाही. निपाणीच्या बाजूची सोयरीक, बाजारहाट आणि देवदेव चालूच राहिले.

आडनाव पाहावे, तर तेही फसवते. ‘पाटील’ म्हटल्यावर पुण्या-मुंबईचा माणूस मराठा समजून मोकळा होतो. या भागात पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो, मुसलमानही असतो. पाटीलकी हे गावकीचे काम होते, ते ज्या घराकडे होते त्याला ते नाव चिकटले.

या मातीत असे एकत्र नांदणे आपोआप आले, असे मात्र नाही. त्यासाठी कुणीतरी मुद्दाम नांगर धरला होता. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९०१ नंतरच्या काही वर्षांत कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढून जात कशी जाणार, असे तेव्हाही विचारले गेले असेल. पण ज्या मुलाला शहरात कुणी ओसरीही देत नव्हते, त्याला आधी छप्पर हवे होते. १९२० च्या मार्चमध्ये याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. तिथे शाहू महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितले, की हा तुमचा पुढारी. हुपरीपासून माणगाव काही फार लांब नाही.

आणि तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. भट्टीपाशी जे जमले, ते बोहल्यापाशी जमलेले नाही. एका घरात ओढलेली तार दुसऱ्या जातीच्या घरात जाऊन कडी होते, तिसऱ्या धर्माच्या घरात तिला घुंगरू लागतात. पण त्या तिन्ही घरांतल्या मुलामुलींची स्थळे शोधताना पत्रिकेआधी जात पाहिली जाते. शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला १९१९ मध्ये कायद्याची मान्यता दिली. शंभर वर्षे उलटली, कायदा पुढे गेला आणि आपण वरातीत मागेच राहिलो.

नवी माणसेही येतच आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबे पालांत उतरतात. शेजारच्या इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार राबतात. कोल्हापूरच्या गुजरीत बंगाली कारागीर सोन्यावर नक्षी काढतात. आपली मराठी माणसे तरी काय वेगळी? सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी थेट केरळ, तमिळनाडूपर्यंत जाऊन स्थिरावलेच ना! तिथल्या गावाच्या यादीत तेच ‘परप्रांतीय’.

हे सारे आज का आठवावे? स्वतंत्र भारताच्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडता इतरांची जात नोंदवली जात नव्हती. पूर्ण जातवार मोजणीचे शेवटचे आकडे १९३१ चे. २०११ मध्ये वेगळ्या पाहणीत लोकांना जात विचारली, तेव्हा सुमारे ४६ लाख नावे निघाली. १९३१ मध्ये ती ४,१४७ होती. पोटजात, आडनाव, गोत्र, ज्याला जे सुचले ते त्याने सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचे ठरवले आणि त्या जनगणनेसाठी २०२७ साल मुक्रर केले.

मोजणीला भिण्याचे कारण नाही. कुणाच्या वाट्याला किती आले, हे कळल्याशिवाय कमी पडलेल्याला द्यायचे कसे? शाहू महाराजांनीही आधी दरबारातल्या नोकऱ्या कोणाकडे किती आहेत, हे पाहिले आणि मगच हुकूम काढला. भीती आहे ती आकडा हाती आल्यावर त्याचे आपण काय करू याची. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या काही मजकुरावरून कोल्हापूर शहर पेटले. शाहूंच्या नगरीत असे व्हावे, याचे अनेकांना वाईट वाटले. चार ओळींच्या मजकुराने जे झाले, ते उद्या एखाद्या तक्त्याने होऊ नये, ही काळजी आपणच घ्यायची आहे.

चांदीच्या व्यवहारात ‘टंच’ पाहतात. शंभरात शुद्ध चांदी किती, बाकी किती, हे त्यावरून कळते. तो आकडा खरा असतो आणि भावही त्यावरच ठरतो. पण नुसत्या शुद्ध चांदीचे पैंजण फार दिवस टिकत नाही, ती मऊ पडते. थोडी दुसऱ्या धातूची मिसळण असल्याखेरीज तिच्यात बळ येत नाही, हे हुपरीतला कुणीही कारागीर सांगेल. प्रगणक दारात येईल, तेव्हा विचारलेले सगळे खरे सांगावे. तो गेल्यावर मात्र अर्धवट राहिलेले पैंजण उचलून शेजारच्या घरी द्यावे. पुढचे काम तिथे व्हायचे असते.