आरशातला चेहरा आणि पट्टीवरचा ठसा
(छापचित्रांची लेखमाला : लेखांक ७)

छापचित्र म्हणजे छापखान्यातून निघालेली एखाद्या चित्राची नक्कल नव्हे. ज्याचा ठसा कलावंत स्वतःच्या हाताने दगडावर, लाकडावर किंवा धातूवर घडवतो आणि त्या ठशावरून कागदावर जे उमटते तेच ज्याचे मूळ रूप असते, त्या चित्राला छापचित्र म्हणतात. मागील लेखांकात शिळाप्रेसचा विचार झाला. या लेखांकात धातूच्या पट्टीवर आम्लाने कोरण्याची ‘एचिंग’ ही पद्धत, आणि समलिंगी माणसांना मिळणाऱ्या अन्याय्य वागणुकीविरुद्ध एका चित्रकाराने तिचा केलेला उपयोग पाहावयाचा आहे.

एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पट्टीवर मेणाचा पातळ थर देतात, सुईने रेघा ओढून खालचा धातू उघडा करतात, आणि पट्टी आम्लात ठेवली की जेथे धातू उघडा झाला तेथेच आम्ल त्याला खाते. मग थर काढून खाचांत शाई भरतात, वरचा भाग कापडाने पुसतात आणि ओलसर कागद ठेवून पट्टी दाबयंत्रातून काढतात. कागदावर चित्र उलटे येते, म्हणून अक्षरे सुलट वाचता यावीत यासाठी ती पट्टीवर उलटी लिहावी लागतात. आत्मचित्राच्या बाबतीत ही उलटापालट फार अर्थपूर्ण ठरते. आरशात पाहून रंगवलेल्या आत्मचित्रात चित्रकाराचा चेहरा डावा-उजवा उलटलेलाच राहतो. पण तोच चेहरा आरशात दिसतो तसा पट्टीवर कोरला तर छापताना पुन्हा उलटून सुलट होतो, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि बाजारातल्या माणसांना तो जसा दिसतो तसा कागदावर येतो, आणि तोही एकदा नव्हे तर अनेक प्रतींत.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९३७ साली जन्मलेला डेव्हिड हॉकनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना रंगांसाठी पैसे उरले नाहीत तेव्हा एचिंगकडे वळला, कारण छापचित्र विभागात सामान फुकट मिळत असे. १९६१ सालच्या त्याच्या पहिल्या एचिंगचे नाव ‘मायसेल्फ अँड माय हीरोज’, म्हणजे ‘मी आणि माझे आदर्श’. त्यात तिघे आहेत: पुरुषांमधील प्रेमाविषयी मोकळेपणाने लिहिणारा अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन, महात्मा गांधी, आणि स्वतः हॉकनी. पहिल्या दोघांच्या मस्तकांमागे प्रभावळ आहे, हॉकनीच्या डोक्यावर साधी टोपी. आणि स्वतःविषयी त्याने चित्रात एवढेच लिहिले आहे की आपण तेवीस वर्षांचे आहोत आणि चष्मा लावतो. पुरुषाने पुरुषावर केलेले शारीरिक प्रेम तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. अशा काळात या तरुणाने आपले वय, आपला चष्मा आणि आपली प्रेमाची बाजू एकाच कागदावर मांडली. या चित्रातला निषेध नेमका त्या साधेपणात आहे. गांधीजींची या प्रश्नावरील मते हा येथे मुद्दा नाही. अल्पसंख्येत असूनही आपले म्हणणे उघडपणे मांडणारा माणूस म्हणून त्यांना तेथे मान मिळाला आहे, असे म्हणता येईल. डिसेंबर १९२४ मध्ये ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते बेळगावात भरले होते, आणि टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आजही त्याची खूण आहे. त्यामुळे बेळगावच्या वाचकाला त्या चित्रातली ही आकृती तरी परकी वाटू नये.

हॉकनीने पुढे स्वतःलाच नायक करून ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही सोळा एचिंगची मालिका १९६३ पर्यंत पूर्ण केली. ग्रीक कवी कवाफी याच्या कवितांवरील त्याची एचिंग १९६७ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगीतले संबंध इंग्लंडमध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले.

भारतात इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले, अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ मात्र कायम होते. मुंबईत १९३४ साली जन्मलेले आणि बडोद्यात स्थायिक झालेले भूपेन खख्खर यांनी प्रारंभीच्या कोलाजांत बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे कापून चिकटवली होती. इंग्लंडमध्ये राहून आल्यावर १९८१ साली त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे तैलचित्र रंगवले, ज्यात गच्चीवर पाठमोरा उभा असलेला नग्न पुरुष म्हणजे स्वतः चित्रकार असे मानले जाते. ते छापचित्र नव्हे, पण स्वतःलाच पुरावा म्हणून पुढे ठेवण्याची रीत तीच आहे.

निपाणीच्या तंबाखूवर वाढलेल्या या टापूला छापील चेहऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. विडीच्या अनेक बंडलांवर मालकाचा चेहरा छापलेला असतो, तो मालाची जबाबदारी घेणारा चेहरा असतो. सीमाभागात दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या मराठी माणसाला, आपण थोडे आहोत म्हणून आपली ओळख पुसली जाऊ नये हा आग्रहही ठाऊक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या नावाने जोगत्याला, म्हणजे देवीला वाहिलेल्या पुरुषाला, साडी नेसता येते, परंतु ती विधीने दिलेली जागा आहे, आणि समलिंगी आकर्षण ही तिच्याहून वेगळी बाब आहे. देवीचे नाव न घेता, घरातला एक साधा माणूस म्हणून मिळणारी जागा अजून दुर्मीळच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीने होणारे संबंध कलम ३७७ मधून वगळले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील ज्या घरांत असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांनी त्यांना चेहरा लपवण्यास सांगू नये, एवढी या लेखमालेच्या वाचकांना विनंती आहे.