कठड्याविना जिना

अंधारा जिना उतरताना हात आपोआप कठडा शोधतो. तो हाताला लागला की पायरीकडे बघावंही लागत नाही. राजकीय विचारवंत हॅना आरेंट आपल्या पद्धतीला ‘कठड्याविना विचार’ म्हणत. परंपरेने घालून दिलेले आधार विसाव्या शतकात निखळले. आता प्रत्येक पायरी बघूनच उतरायला हवी, हे त्यांचं सांगणं.

ते अनुभवातून आलं होतं. १९०६ साली जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आरेंट हायडेगर आणि यास्पर्स यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकल्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. अटक भोगून त्यांना देश सोडावा लागला, आणि त्याच वर्षी गुरू हायडेगर नाझी पक्षात गेले. विद्वत्ता माणसाला वाचवत नाही, हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं.

१९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमनचा खटला उभा राहिला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था लावणारा हा अधिकारी. काचेच्या पिंजऱ्यात राक्षस दिसेल, असंच जगाला वाटत होतं. आरेंटनी मात्र त्याच्या बोलण्याकडे कान दिला. प्रत्येक प्रश्नाला सरकारी कागदातली घासून गुळगुळीत झालेली वाक्यं. हा माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहून विचारच करू शकत नाही, असं त्यांना दिसलं आणि तसं त्यांनी लिहिलं. नाझी काळातल्या ज्यू पुढाऱ्यांच्या वागण्यावरही बोट ठेवलं.

स्वकीय खवळले. गेरशोम शोलेमसारखा जुना मित्र दुरावला. स्वतःच्या समाजावर तुमचं प्रेम नाही, हा त्याचा ठपका होता. आपण माणसांवर प्रेम करतो, समूहावर नाही, असं आरेंटनी उत्तर दिलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. अर्जेंटिनात आइकमनने केलेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्याचा कडवा ज्यूद्वेष उघड झाला. कठडा सोडला की पाय चुकू शकतो. पण आइकमनबद्दल चूक ठरली तरी त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला: विचार थांबवलेला साधा माणूस किती मोठं पाप करू शकतो?

डिसेंबर १९७५ मध्ये आरेंट गेल्या, तेव्हा टाइपरायटरवर त्या लिहीत असलेल्या पुस्तकाच्या नव्या भागाचं पहिलं पान होतं. ‘निवाडा’ हे शीर्षक आणि खाली दोन अवतरणं, एवढंच. निवाडा कसा करावा, याचं तयार उत्तर त्या ठेवून गेल्या नाहीत. ती पायरी आपली आपणच बघून उतरायची आहे.